तेरा फुटी बोट, पोर्ट (डाव्या) बाजूचं भोक आणि ८३,१०० रुपये: नुकसानभरपाईचं एक पूर्ण प्रकरण

१९ फेब्रुवारी २०२३, रविवार. महाशिवरात्र आदल्या दिवशी झाली होती, सोमवारी अमावस्या, म्हणजे उधाणाचं पाणी आणि दुपारी अडीचला ओहोटीला जबरदस्त ओढ. मुंबई बंदरात क्लबची रेस होती, वायव्येचा वारा नेहमीसारखा जेवणानंतर वाढत गेला. मी टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर, आणि माझा भाचा पुढे जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर. बोट आमची एंटरप्राइझ, दोन माणसांची, जेमतेम सव्वातेरा फूट, निळ्या शिडांची, फायबरची, अकरा वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली. जॅक होल्टनी १९५६ मध्ये हे डिझाइन केलं आणि अजूनही शिकाऊ माणसाला आणि रेस करणाऱ्याला दोघांनाही ती पुरते, म्हणून मी ती घेतली होती. बोटीचा स्वतःचा विमा नव्हता, हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं त्यामुळेच लांबलं.

आम्ही स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून, आम्ही दोघं उजव्या कडेवर बसून बाहेर झुकलेलो, बोट डावीकडे कललेली. डावीकडून एक मोठी किलबोट, म्हणजे तळाला जड कणा असलेली बोट, पोर्ट टॅकवर, म्हणजे वारा डावीकडून घेत, आली. रेसच्या नियमपुस्तकातला नियम १० सरळ आहे, पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. भाच्याने जिबच्या खिडकीतून बघितलं, "स्टारबोर्ड!" म्हणून दोनदा ओरडला, त्यांच्याकडून काहीच हालचाल नाही, मी शेवटच्या क्षणी टिलर ढकलला आणि त्यांची बो, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आमच्या पोर्ट बाजूला डोलकाठी धरणाऱ्या वायरच्या, म्हणजे श्राउडच्या, जागीच घुसली. आवाज लाकूड मोडल्यासारखा नव्हता, जाड पुठ्ठा फाटावा तसा होता. भोक नंतर मोजलं, ३० सेंटीमीटर लांब आणि १८ उंच, आणि त्यात पोर्ट बाजूची चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीला डावीकडून धरून ठेवणारी जी वायर असते ती जिथे बोटीला अडकते ती पट्टी, अर्धी उपटून लोंबत होती.

त्या वेळी भाच्याने जे केलं त्यावर पुढे बरंच अवलंबून होतं. आम्ही स्टारबोर्डवर असल्यामुळे ताण उजव्या वायरवर होता, डावी सैल होती, म्हणून मास्ट (डोलकाठी) उभा राहिला. तो म्हणाला, "मावशी, टॅक करू नकोस, डावीकडे ताण आला की मास्ट जाईल." टॅक करणं म्हणजे बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूने घेणं. मी बोट वाऱ्यात नाक करून थांबवली, त्याने जिब उतरवली आणि तिचाच हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, पोर्ट बाजूच्या कडेला आवळून बांधला, तात्पुरती वायर झाली ती. मग मेन, म्हणजे मोठं शीड, तीही उतरवली. तोवर पोर्ट बाजूची, बोट तरंगती ठेवणारी हवेची टाकी पाण्याने भरत होती आणि बोट डाव्या अंगावर लोळायला लागली होती. रेस्क्यू बोट सात-आठ मिनिटांत आली, आम्हाला ओढत रॅम्पवर आणलं. कुणालाही लागलं नाही, हे आधी, बाकी सगळं नंतर.

रॅम्पवर किलबोटीचे मालक धावत आले. वयस्कर माणूस, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. हात जोडून म्हणाले, "ताई, चूक माझीच, मला जिबखालून दिसलंच नाही, जो खर्च होईल तो मी देतो." त्यांनी रेसमधून माघारही घेतली होती, जे बरोबरच आहे, कारण मोठं नुकसान केलं असेल तर नियम ४४.१ प्रमाणे शिक्षेचे वळसे घेऊन भागत नाही, रिटायरच व्हावं लागतं. मी म्हटलं ठीक आहे काका, होतं असं. आणि मला खरंच वाटलं की विषय संपला.

विषय तिथेच संपला नाही याचं कारण आमच्या क्लबमधल्या एका जुन्या जाणत्या सेलर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, प्रोटेस्ट, म्हणजे नियम मोडल्याची लेखी तक्रार, टाक. मी म्हटलं अहो ते रिटायर झालेत, आता प्रोटेस्ट कशाला, माणुसकी आहे की नाही. त्या म्हणाल्या की प्रोटेस्ट त्यांना शिक्षा करायला नाही, काय घडलं ते आजच्या आज तिसऱ्या माणसाच्या हस्ताक्षरात कागदावर यायला. ते माझ्या डोक्यात गेलं. पाण्यावर मी "प्रोटेस्ट" ओरडले होते, आमची बोट सहा मीटरपेक्षा लहान म्हणून लाल झेंडा लावायची गरज नव्हती (हे २०२१-२४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे सांगतेय, २०२५ पासून प्रोटेस्टचा सगळा भाग नव्याने लिहिलाय, त्यामुळे नंबर बघून घ्या), आणि शेवटची बोट आल्यापासून दोन तासांची मुदत होती. पाऊण तास उरला असताना फॉर्म दिला. काकांना आधी सांगितलं की का देतेय. त्यांना थोडं लागलं, दिसलं मला, पण ते सुनावणीला आले आणि खरं ते बोलले. कमिटीने लिहिलं की स्टारबोर्डवाली बोट सरळ कोर्सवर होती, पोर्टवालीने वाट दिली नाही, स्टारबोर्डवालीने शेवटी टाळायचा प्रयत्न केला पण टक्कर टळणं शक्य नव्हतं. चार ओळी. पुढच्या चार महिन्यांत मी त्या चार ओळींची फोटोकॉपी सहा जणांना दिली.

पैशाबद्दल कमिटी एक शब्द बोलली नाही आणि बोलणारही नव्हती. नियम ६७ एवढंच म्हणायचा की नुकसानभरपाईचा प्रश्न राष्ट्रीय संघटनेच्या काही तरतुदी असतील तर त्याप्रमाणे. ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या संघटनांनी तर स्पष्टच लिहून ठेवलंय की भरपाई हा कोर्टाचा विषय, आणि रेसमधून माघार घेतली म्हणजे तेवढ्याने पैशाची जबाबदारी कबूल केली असं होत नाही. हे कळल्यावर मला काकांच्या रिटायर होण्यावर किती भार टाकायचा ते कळलं. फार नाही.

त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी आम्ही दोन कामं केली. एक, बोट गोड्या पाण्याने आतून बाहेरून धुतली, टाकीचं झाकण काढून पाणी काढलं, फाटलेल्या कडा ताडपत्रीने झाकल्या पण हवा खेळती ठेवली, कारण फायबरच्या थरांत मीठ आणि ओल राहिली तर नवीन रेझिन धरत नाही आणि मग दुरुस्ती दुप्पट. हे नुसतं बोटीसाठी नाही, कायद्यासाठीही आहे. नुकसान झालेल्या माणसाने ते वाढू नये म्हणून जे करता येण्यासारखं असेल ते केलं पाहिजे, करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात हाच विचार आहे. दोन, फोटो. भोकाशेजारी टेप धरून, आतून, बाहेरून, आणि आमच्या पांढऱ्या हलवर, म्हणजे बोटीच्या अंगावर, त्यांच्या बोटीचा हिरवा रंग घासून लागला होता त्याचे जवळून. तो रंग मी पुसू दिला नाही, भाचा थिनर घेऊनच उभा होता.

आता खरी गोष्ट. खर्च वसूल करणं म्हणजे मला वाटत होतं टक्कर सिद्ध करणं. टक्कर कुणीच नाकारली नाही. भांडण सगळं याच्यावर झालं की टकरीच्या आदल्या दिवशी बोट कशी होती. समोरच्याने आपल्याला आदल्या दिवशीची बोट परत द्यायची असते, त्याहून वाईट नाही आणि त्याहून चांगलीही नाही. मग आदल्या दिवशीची बोट दाखवायची कशी? आमचं नशीब की भाच्याने आठच दिवस आधी हल पॉलिश केलं होतं आणि दर मुलासारखं त्याने त्याचे पंधरा फोटो काढले होते, पोर्ट बाजू चकचकीत, चेनप्लेटच्या भोवती एक बारीक भेगसुद्धा नाही, फोनमध्ये तारीख. ते फोटो नसते तर "अकरा वर्षांची बोट, तिथे आधीच कमजोर असेल" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

करंज्याच्या एका फायबरवाल्या दादांनी बोट बघितली. ते कोळ्यांच्या होड्या करतात, हात चांगला. पहिलं एस्टिमेट दिलं: फायबरकाम ३३,५००, चेनप्लेट बोल्ट आणि खालचं लाकडी पॅड ७,८००, पोर्ट बाजूचा जेलकोट (फायबरवरचा रंगीत वरचा थर) मॅच करून ११,५००, टाकी सील करून हवेने टेस्ट ३,२००, जिबचा पॅच २,८००, नवीन श्राउड वायर ३,६००, टेम्पो जाऊन येऊन ९,०००, आणि शेवटी "पूर्ण बोट रंगवून नवीसारखी" २४,०००. म्हणाले, "ताई, समोरचा देतोच आहे तर घ्या ना रंगवून." ते प्रेमानेच म्हणाले. पण रंग काढून टाकला मी. काकांच्या बोवर आमच्या स्टारबोर्ड बाजूच्या जुन्या ओरखड्यांचं ओझं टाकायचं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे असा एक फुगवलेला आकडा यादीत असला की समोरचा बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही संशयानेच बघतो. शिवाय १०,००० देऊन मी स्वतंत्र मरीन सर्व्हेअर बोलावला, लेखी रिपोर्ट घेतला. घरच्यांनी विचारलं एवढ्याशा बोटीला दहा हजाराचा रिपोर्ट? बरोबर आहे प्रश्न, पण त्या रिपोर्टमध्ये हिरव्या रंगाचा नमुना, ओरखड्यांची दिशा आणि भोकाची पाण्यापासूनची उंची सगळं होतं.

काकांना यादी पाठवली. दोन दिवसांनी फोन आला, ३५,००० रोख देतो, आपण घरातली माणसं आहोत, मिटवून टाकू. मी म्हटलं काका, तुमच्याकडे थर्ड पार्टी विमा आहे ना, नोटीस ऑफ रेसमध्ये, म्हणजे रेसच्या सूचनापत्रकात, तो सक्तीचाच होता, तो कशाला आहे मग? त्यांना वाटत होतं की क्लेम टाकला तर पुढच्या वर्षी प्रीमियम वाढेल. तरी त्यांनी कळवलं कंपनीला. आणि त्या दिवसापासून काकांनी माझे फोन घेणं बंद केलं.

हे तीन आठवडे वाईट गेले. क्लबमध्ये समोर आले तर मान खाली घालून निघून जायचे. भाचा चिडला होता, मीही घरी बोलू नये ते बोलले. मग ओळखीच्या वकीलबाईंनी समजावलं की जवळजवळ प्रत्येक जबाबदारी विम्यात अट असते, कंपनीला विचारल्याशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, नाहीतर कंपनी हात वर करू शकते. म्हणजे काका बेइमान झाले नव्हते, त्यांना कंपनीने गप्प बसायला सांगितलं होतं. हे मला पहिल्याच दिवशी माहीत असतं तर मी स्वतःच त्यांना म्हटलं असतं की काका आता तुम्ही काही बोलू नका, मी कंपनीशी बोलते. अशा प्रकरणांत माणसं तुटतात ती बहुतेक वेळा इथेच तुटतात, आणि कारण एवढं साधं असतं.

वकीलबाईंनी अजून एक सांगितलं जे मला फार आवडलं. ५ जुलै १८९४, स्कॉटलंडमध्ये क्लाइडच्या खाडीत एका यॉट क्लबची रेस, त्यात सॅटॅनिटा नावाची प्रचंड यॉट व्हाल्किरी नावाच्या दुसऱ्या यॉटवर आदळली. व्हाल्किरी बुडाली, एक खलाशी गेला. सॅटॅनिटाचा मालक म्हणाला, जहाजांच्या कायद्यात माझी जबाबदारी टनामागे ८ पौंडांपर्यंतच आहे, तेवढेच देईन. पण रेसच्या नियमात होतं की नियम मोडून टक्कर केली तर सगळं नुकसान भरायचं. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८९७ मध्ये ठरलं की दोन्ही मालकांनी क्लबच्या सेक्रेटरीला एन्ट्री देताना नियम पाळायचं लिहून दिलं, म्हणजे ते एकमेकांशीही करारात बांधले गेले, सगळं नुकसान द्या. आपल्याकडे लॉ कॉलेजात करार शिकवताना हा निकाल येतो. तो आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, आणि आजच्या सेलिंग नियमांत "सगळं नुकसान भरा" हे वाक्यही नाही, पण एन्ट्री फॉर्म म्हणजे नुसता कागद नसतो हे त्यातून पक्कं समजतं. आमच्या फॉर्ममध्ये नियम मान्य, थर्ड पार्टी विमा आहे, या दोन्हींखाली काकांची सही होती. मी क्लबकडून त्याची प्रत मागून घेतली.

कोर्टाचा रस्ताही विचारून ठेवला होता. वस्तूच्या नुकसानीच्या दाव्याला तीन वर्षं असतात, घाई नव्हती. २०१७ चा अॅडमिरल्टी कायदा आहे, १ एप्रिल २०१८ पासून लागू, त्यात जहाजाच्या व्याख्येत शिडाची बोटही येते, आणि बोटीवरचा सागरी हक्क एका वर्षात संपतो. पण नव्वद हजारांसाठी हाय कोर्टात काकांची बोट अटकावून ठेवायची, हे वकीलबाईंनीच हसत नाही म्हटलं आणि मलाही ते शोभलं नसतं. ग्राहक आयोगाकडे जाता येईल असं बरेच जण सांगत होते, तेही नाही, कारण त्या विमा कंपनीचे ग्राहक काका, मी नव्हे. माझा स्वतःचा हल विमा असता तर माझ्या कंपनीने मला आधी पैसे दिले असते आणि मग माझ्या जागी उभं राहून त्यांच्या कंपनीकडून वसूल केले असते. तेव्हा नव्हता, आता आहे.

त्यांच्या कंपनीचा सर्व्हेअर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला आला. माणूस कामात चोख होता. त्याने तीन मुद्दे काढले. पहिला, तुम्ही आत्ताच टॅक करून त्यांच्यासमोर आलात, म्हणजे २० टक्के चूक तुमची. कमिटीच्या चार ओळी दाखवल्या तर म्हणाला ते क्लबचं, आम्हाला बंधन नाही. इथे भाच्याचं घड्याळ कामाला आलं. तो धावायला जातो तेव्हाचं जीपीएस घड्याळ पाण्यावरही चालूच ठेवतो. त्या ट्रॅकवर टकरीच्या आधीची एकशेसाठ सेकंद सरळ रेघ होती आणि मग एकदम गुंता. मी तो ट्रॅक छापून नेला होता, बोटाने रेघ दाखवली, तो बराच वेळ बघत बसला. कमिटी बोटीवरच्या एका स्वयंसेवकाने "स्टारबोर्ड" दोनदा ऐकल्याचं लिहून दिलं होतं, तेही ठेवलं. २० टक्के पुन्हा निघाले नाहीत.

दुसरा मुद्दा, जुन्याला नवीन. अकरा वर्षांच्या बोटीला नवीन जेलकोट, नवीन वायर, म्हणजे तुमचा फायदा, झीज कापा. याच्यावर मी विचार करून उत्तर दिलं. वायरचं मी मान्य केलं. ती चार वर्षं जुनी होती, वायर कधीतरी बदलावीच लागते, अर्धे कापा म्हटलं, १,८००. जेलकोट नाही. पोर्ट बाजूला रंग जुळवून केलेल्या पट्ट्याने बोटीची किंमत एक रुपया वाढत नाही, उलट घेणारा माणूस पट्टा बघून विचारतो काय झालं होतं. भोक बुजवायला अर्धं जुनं फायबर मिळत नाही. हे पटलं त्याला, लगेच नाही, पण पटलं.

तिसरा, आमच्या सर्व्हेअरची फी. तो म्हणाला आमचा सर्व्हेअर असताना तुमचा कशाला. अर्ध्यावर तोडलं. माझ्या मते ती पूर्ण मिळायला हवी होती, आजही मला ते खटकतं, पण ५,००० साठी अजून दोन महिने कोण घालवणार.

पुढच्या रेसला न जाता आल्याचं, सीझन गेल्याचं मी काही मागितलंच नाही. मजेसाठीच्या बोटीचा तो आकडा सिद्ध करणं अवघड, आणि भाच्याला दुसऱ्यांच्या बोटींवर क्रू म्हणून जागा मिळत गेली.

सगळ्यात मोठी चूक मी करता करता वाचले ती एप्रिलमध्ये. कंपनीने डिस्चार्ज व्हाउचर पाठवलं, पूर्ण आणि अंतिम, म्हणजे सही करा, पैसे घ्या आणि पुढे काही मागू नका. आकडा बरा होता. दादांनी तेव्हा नुकतंच घासकाम सुरू केलं होतं, म्हणाले, "ताई, दोन दिवस थांबा, मी उघडून बघतो." उघडलं तर टाकीची आतली भिंत भोकापासून दीड फूट मागेपर्यंत सुटलेली, बाहेरून काही दिसत नव्हतं, नाण्याने ठोकलं की चांगल्या भागात टणक आवाज आणि सुटलेल्या भागात मेलेला, पोकळ. मी स्वतः ठोकून बघितलं, कान लावून. ८,५०० वाढले, फायबरकाम ४२,००० झालं. काम थांबवलं, सर्व्हेअरला पुन्हा बोलावलं, त्यालाही नाणं दिलं. सही आधी केली असती तर हे साडेआठ हजार माझे होते.

एकूण मागणी ८९,९०० झाली, त्यातून वायरचे १,८०० आणि फीचे ५,००० गेले, २१ जूनला ८३,१०० खात्यात आले. टकरीपासून चार महिने आणि दोन दिवस.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. आधी बोटीची चौकशी केली, मग भाच्याची, मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मी म्हटलं, काका, मला कळलंय तुम्ही का फोन घेत नव्हता. ते म्हणाले, "रोज उचलावासा वाटायचा गं." बोट ऑक्टोबरमध्ये परत पाण्यात गेली तेव्हा ढकलायला तेही होते. उन्हात तिरकं बघितलं तर पोर्ट बाजूचा पट्टा थोडा पिवळसर दिसतो. आणि क्लबच्या एन्ट्री फॉर्मवर आता पॉलिसी नंबरचा आणि विमा कधी संपतो त्या तारखेचा रकाना आहे, तो रिकामा असेल तर टेबलावरची बाई फॉर्म परत देते.